एलके-९९ हा शिसं, तांबं आणि फॉस्फेटचा पदार्थ नेहमीच्या तापमानालाही अतिवाहक, म्हणजे शून्य विद्युतरोधाचा, असल्याचा दावा झाला होता. तो अतिवाहक नव्हता तर त्याचा विद्युतरोध १०४ अंश सेल्सिअसजवळ एकदम का घसरला?

जुलै २०२३ मध्ये कोरियन गटाने दाखवलेली ती घसरण नमुन्यातल्या भेसळीची होती. कृतीच पाहा: लॅनार्काइट, म्हणजे शिशाचं ऑक्साइड-सल्फेट, आणि कॉपर फॉस्फाइड निर्वात नळीत ९२५ अंश सेल्सिअसला तापवायचं. सल्फेटमधलं गंधक तांब्याला धरतं, क्युप्रस सल्फाइड बनतं; हीच ती भेसळ. त्याची स्फटिकरचना साधारण १०४ अंशांना बदलते. थंड होताना तिथेच रोध हजारो पटींनी उतरतो, पण शून्य होत नाही. साध्या अक्षावर ‘फार कमी’ आणि ‘शून्य’ यांतला फरक दिसतच नाही, म्हणून आलेख लॉग अक्षावर, म्हणजे जिथे प्रत्येक टप्पा दहापटीचा असतो तिथे, काढायला हवा. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाविना शुद्ध स्फटिक वाढवले: जांभळे, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक! माझ्या मते निर्णायक पुरावा हाच.