घाटात ब्रेक मऊ पडतात. घरीच मोठ्या डिस्क बसवाव्यात का?

तुम्ही विचारले आहे की, पाचगणीहून पसरणी घाट उतरताना शेवटच्या वळणांवर तुमच्या दहा वर्षांच्या हॅचबॅकचे ब्रेक मऊ पडतात, पॅडल जवळजवळ तळाला जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे ठीक असते. तर पुढच्या चाकांना मोठ्या, भोकांच्या डिस्क घरीच बसवल्याने हा त्रास जाईल का. मी साताऱ्यात राहतो आणि गेली बारा वर्षे माझ्या गाडीच्या ब्रेकचे काम घराच्या अंगणातच करतो. सकाळी ब्रेक आपोआप सुधारतात, हा तुमचा एक तपशील माझ्या मते निर्णायक आहे. डिस्कवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल बदला.

वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत सुमारे ६०० मीटरचा फरक आहे. माणसांसह १,२०० किलोची गाडी तेवढी खाली आली की जवळपास ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत वीस लिटरहून अधिक पाणी उकळेल. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन पेलते, न्यूट्रलमध्ये असेल तर बहुतेक सगळा भार ब्रेकवर येतो. ही उष्णता चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कमधून तिला दाबणाऱ्या पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरते. डॉट ३ प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण हे ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जाते. रात्रभरात वाफ निवते आणि सकाळी पॅडल पुन्हा कडक लागते. याउलट पॅडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर दोष तापलेल्या पॅडचा असतो.

२०१६ च्या पावसाळ्यात कासहून येताना यवतेश्वर घाटात माझ्यावर हीच वेळ आली होती. गाडीत आई-वडील होते. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या आधाराने गाडी डोंगराच्या बाजूला लावली आणि अर्धा तास तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडले तेव्हा आतले ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट दिसले. पाच वर्षांत मी ते एकदाही बदलले नव्हते. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, पावसाळ्याआधी, मी ते न चुकता बदलतो.

मोठ्या डिस्कबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घरी बसवू नका. त्यांना वेगळा कॅलिपर किंवा ब्रॅकेट लागतो, लहान रिममध्ये तो अनेकदा बसत नाही, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकमधला कंपनीने ठरवलेला मेळ बिघडतो. भोकांच्या डिस्कला वारंवार तापल्यावर भोकांपासून तडे जाऊ शकतात. साधी डिस्क लेथवर नेऊन तिला भोके पाडून घेणे तर सरळ धोक्याचे आहे. कंपनीच्याच मापाची चांगली डिस्क, दर्जेदार पॅड आणि ताजे डॉट ४ ऑइल, एवढी सुधारणा आपल्या घाटांना पुरते. टाकीच्या झाकणावर कोणते ऑइल चालते ते लिहिलेले असते; जिथे डॉट ३ चालते तिथे सहसा डॉट ४ ही चालते, पण सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कधीही मिसळू नका.

आता काम. सपाट जागेवर मागच्या चाकांना ठोकळे लावा, नट जमिनीवरच सैल करा आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ असेल तरच डिस्क बदला. कॅलिपर सोडल्यावर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. बहुतेक जण घाई करतात ती पुढच्या दोन ठिकाणी. हबच्या (चाक जिथे बोल्टने बसते त्या भागाच्या) ज्या तोंडावर डिस्क बसते तिथला गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, कारण तिथे राहिलेली पातळ पापडीसुद्धा डिस्क वाकडी फिरवते आणि पॅडल पायाखाली थरथरते. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना बाहेर काढून पुसा आणि त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावा; साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन अडकते. आपल्या पश्चिम भागातल्या पावसात आणि चिखलात या पिना फार लवकर अडकतात. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड लावू नका.

पिस्टन आत दाबताना टाकी ओसंडू शकते आणि ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून सांडले की लगेच पाण्याने धुवा. ऑइल बदलायला दोन माणसे हवीत: एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने पारदर्शक नळी लावलेला निपल (जुने ऑइल बाहेर सोडणारा कॅलिपरवरचा स्क्रू) उघडायचा, आणि पॅडल सोडण्याआधी निपल बंद झालाच पाहिजे. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये पाहा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत आत हवा शिरली तर ती काढायला अनेकदा स्कॅनर लागतो आणि मग गॅरेजला पर्याय नसतो. पूर्वी कधी ब्रेक उघडले नसतील, तर पहिल्या वेळी जाणता मेकॅनिक शेजारी असावा.

चाके बसवल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पॅडल कडक होईपर्यंत वारंवार दाबा. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक लावा आणि मध्ये पुरेसे अंतर जाऊ द्या.

पुढच्या खेपेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि इंजिन बंद करू नका, कारण ब्रेकला मदत करणारा बूस्टर त्याच्यावरच चालतो. वाईत पोहोचल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हाताची मागची बाजू धरून पाहा. पुढच्या दोन चाकांपैकी एकच फार तापलेले जाणवले, तर त्या बाजूचा पिस्टन किंवा पिन अडकली आहे. तो कॅलिपर पुन्हा उघडा.