हिराबाई बडोदेकर यांना मैफलीच्या गायिका म्हणावं की रंगभूमीच्या?

दोन्ही, पण माझ्या मते आधी मैफलीच्या. १९०५ साली मिरजेत जन्म. वडील शास्त्रीय गायनातल्या किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. तालीम मुख्यतः अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. बाईनं चारचौघांत गाणं कमीपणाचं समजलं जाई, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. हे धाडस मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांहून मोठं वाटतं, १९७० च्या पद्मभूषणाहूनसुद्धा! भाऊ सुरेशबाबूंसह घरच्याच नाटक मंडळीत त्या नायिका झाल्या, तेही पुरुष स्त्रीभूमिका गाजवत असताना. पुण्यात गायिका प्रभा अत्रे त्यांच्याकडे शिकल्या. १९८९ मध्ये हिराबाई पुण्यातच गेल्या. ऐकायला सुरुवात करायची तर ‘उपवनी गात कोकिळा’ हे गाणं घ्या, मग ख्यालाकडे, म्हणजे रागाच्या विस्तारानं गायल्या जाणाऱ्या शास्त्रीय गायनाकडे वळा.