पेनड्राइव्ह ‘डिटेक्ट’ होतो म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न असा आलाय की ‘पेनड्राइव्ह डिटेक्ट होत नाहीये’ याला मराठीत ‘सापडत नाहीये’ म्हणायचं की ‘ओळखत नाहीये’. मुळात हे वाक्यच कित्येकदा चुकीच्या जागी वापरतात, ऐकून वैताग येतो. स्क्रीनवर ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असा मेसेज आलेला असतो आणि तरी लोक म्हणतात डिटेक्ट होत नाहीये. अहो, डिटेक्ट झालंय म्हणूनच तर मेसेज आलाय! अडलंय ते पुढे.

डिटेक्ट होणं ही फक्त पहिली पायरी. साध्या यूएसबीत डिव्हाइसच्या आत डेटाच्या एका तारेवर दीड किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्याने त्या तारेचं व्होल्टेज वर जातं आणि कॉम्प्युटरला कळतं की कोणीतरी आलंय. कोण ते अजून कळलेलं नसतं. मग डिव्हाइसला रिसेट करून त्याच्याशी शून्य नंबरच्या पत्त्यावर बोलणं सुरू होतं, 1 ते 127 मधला एक पत्ता त्याला मिळतो, बनवणाऱ्या कंपनीचा नंबर, प्रॉडक्टचा नंबर आणि क्लास, म्हणजे डिव्हाइसचा प्रकार, विचारला जातो आणि त्यावरून ड्रायव्हर, म्हणजे ते डिव्हाइस चालवणारं सॉफ्टवेअर, निवडला जातो. ओळख इथे पटते.

आता ‘डिटेक्ट’ची खरी गंमत. लॅटिनमध्ये ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं, ‘दे’ लावलं की झाकण काढणं. ‘प्रोटेक्ट’ त्याच घरातला, पुढून झाकणं. आणि संस्कृतात याचा भाऊ कोण, तर स्थग्, म्हणजे झाकणं, लपवणं! त्यातून ‘स्थगित’ आला, ज्याचा आधीचा अर्थ झाकलेलं, बंद केलेलं असा होता, आणि त्यातूनच स्थग म्हणजे लबाड, आपला ठग. म्हणजे डिटेक्ट आणि ठग एकाच धातूचे, एक झाकणारा आणि एक झाकण उघडणारा. काही पंडित म्हणतात की स्थग् वेदांत दिसत नाही, उशिरा येतो, त्यात ‘त’चा ‘थ’ कसा झाला तेही नीट सांगता येत नाही, म्हणून हे नातं धरू नका. मला हे अजिबात पटत नाही. वेदांत नाही म्हणजे बोलण्यात नव्हता असं कुठे ठरतं? अर्थ इतका चपखल जुळत असताना एका ‘ह’कारासाठी नातं तोडायचं हा निव्वळ हट्ट आहे.

आणि ठग इथे खरोखर येतोही. 2014 साली ‘बॅडयूएसबी’ हा प्रकार जगासमोर आला, त्यात पेनड्राइव्हच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आत बसवलेला प्रोग्रॅम, बदलून तो ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगतो आणि कॉम्प्युटर ते मुकाट मानतो, कारण डिव्हाइस स्वतःबद्दल जे सांगेल तेच खरं धरायचं अशी ही सगळी रचना आहे. त्यानंतर तो कीबोर्ड बनून हव्या त्या कमांड टाइप करू शकतो. डिटेक्ट झाला, ओळखही पटली, पण झाकण काही निघालं नाही!

हां, मराठी शब्द. ‘शोधणे’ नको, कारण कॉम्प्युटर पोर्ट सोडून हिंडत काही शोधत नाही. पहिल्या पायरीला ‘चाहूल लागणे’, दुसरीला ‘ओळख पटणे’. ‘ओळखणे’मध्ये संस्कृत लक्ष् दडलाय, म्हणजे लक्षणांवरून जाणणं, आणि कंपनी-प्रॉडक्टचे नंबर ही लक्षणंच की. तेव्हा अननोन डिव्हाइसचा मेसेज आला तर ‘चाहूल लागली, ओळख पटली नाही’ असं म्हणा, आणि काहीच आलं नाही तर आधी पेनड्राइव्ह पोर्टमध्ये नीट बसलाय का ते बघा.