तामिळनाडूच्या किनाऱ्याने देवळं पाहायला चार दिवस पुरतील का?

पुरतील, फक्त मदुरै-रामेश्वरम त्यात कोंबू नका. चेन्नईहून महाबलीपुरम, मग चिदंबरम आणि थोडं आत तंजावर, बस.

बहुतेक देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतरच उघडतात. चिदंबरमला आम्ही बंद दारासमोर घामाघूम बसलो होतो! महाबलीपुरमच्या किनाऱ्यावरच्या मंदिरात आता पूजा होत नाही, ते दुपारीही पाहता येतं.

तंजावरला मात्र संध्याकाळी जा. दुपारी अनवाणी पायांना फरशी चटके देते. चोळ राजा राजराजाचं बृहदीश्वर मंदिर १०१० सालचं. तिथल्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला आपल्या घराण्याचा इतिहास आहे, चक्क मराठीत. गाइड तो दाखवेलच असं नाही, स्वतः विचारा.