विकसनशील देशांत सौर दिवे, एलईडी, सुधारित चुली लोकांनी वापराव्यात म्हणून जनजागृती पुरेशी आहे का?

नाही, नुसत्या जनजागृतीने फारसं होत नाही. खरा अडसर बहुतेक वेळा एकरकमी पैशांचा असतो. केनियात 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आली आणि तिच्या जोरावर एम-कोपासारख्या कंपन्यांनी घरगुती सौर संच विकले: आधी थोडी अनामत, मग रोजचा छोटा हप्ता. हप्ता थांबला की संच दुरूनच बंद, भरला की पुन्हा सुरू. ऐकायला कठोर वाटतं, पण रॉकेलही रोज थोडंथोडंच आणणाऱ्या घराला ही रीत नवी नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे किंमतच पाडणं. भारतात 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिवे एकगठ्ठा खरेदी केले, त्यामुळे थेट अनुदान न देताही दर झपाट्याने उतरले.

मात्र वस्तू घरात पोहोचली म्हणजे सवय लागली असं नाही. ओडिशात हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी सुधारित चुलींचा चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी घरच्या स्वयंपाकिणींच्या श्वासातून जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फायदा उरलाच नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही. त्यामुळे योजना आखताना दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कुठे मिळणार, हे आधी ठरवा. फलक आणि पत्रकं नंतर.