नळ घरोघरी आले. आता योजना चालवायची कशी?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या गावात सुमारे ४०० घरे आहेत. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक घरी नळ आला. आता मात्र पाणीपट्टी निम्मीच जमा होते, वीजबिल थकले आहे, मोटार एकदा जळून गावाने बारा दिवस टँकरचे पाणी प्यायले, आणि टेकाडावरच्या वस्तीला पाणी पोचत नसल्याने तिथले लोक पैसे देण्यास साफ नकार देतात. मी नव्याने सरपंच झाले आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक सरपंच भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपण चार अडचणी सांगितल्या आहेत, पण माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. योजना बांधताना नळ, टाकी आणि मोटार यांचा हिशेब झाला; पाणी कोणाला किती, केव्हा आणि कोणत्या पैशातून, हा हिशेब गावासमोर कधी मांडलाच गेला नाही. म्हणून वसुलीच्या नोटिसा काढण्याआधी, टेकाडावरच्या वस्तीपासून सुरुवात करावी. ज्यांना पाणीच मिळत नाही त्यांच्याकडे पट्टी मागणे अन्यायाचे आहे, आणि तो अन्याय उघड दिसत असताना खालच्या आळीतल्या माणसालाही पैसे न देण्याचे निमित्त आपोआप मिळते.

पाणी वर का चढत नाही, हे समजून घेणे अवघड नाही. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा घर जितके मीटर खाली, तितकाच दाब त्या घराच्या वाट्याला येतो, आणि वाटेत नळीच्या घर्षणाने तो आणखी घटतो. सगळे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे ठेवले तर उताराची घरे पाणी ओढून घेतात आणि उंचावरच्या तोट्यांतून नुसती हवा येते. गावाचे उंचीप्रमाणे दोन किंवा तीन भाग करावेत, प्रत्येक भागाला स्वतंत्र व्हॉल्व्ह असावा, आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना, म्हणजे दाब सर्वांत जास्त असताना, पहिली पाळी टेकाडाला द्यावी. उताराच्या घरांना टाकी अर्धी झाल्यावरही पाणी मिळते. ही एवढी अदलाबदल बहुतेक ठिकाणी एका व्हॉल्व्हच्या खर्चात होते.

याच्या जोडीला नळाला थेट लावलेल्या मोटारी काढाव्याच लागतील. एका घराने मोटार लावली की शेजारच्या चार घरांचे पाणी जाते, एवढ्यावर ते थांबत नाही. मोटारीच्या ओढीने वाहिनीत उणा दाब तयार होतो आणि जिथे सांधा गळका आहे तिथून गटाराचे पाणी आत शिरते. लहान मुलांच्या जुलाबांचे कारण अनेकदा योजनेला पाणी देणाऱ्या विहिरीत नसते, ते असे मधल्या वाटेत सापडते. ही गोष्ट महिलांच्या बैठकीत सांगून पाहा, मोटारी काढण्याचा आग्रह मग घराघरांतूनच सुरू होईल.

आता पैशांकडे येऊ. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. ४०० घरांत २,००० माणसे धरली तर रोज १,१०,००० लिटर पाणी लागेल. विहिरीच्या तळापासून टाकीपर्यंत चढण ६० मीटर असेल, तर हे पाणी वर नेण्याला निव्वळ १८ युनिट ऊर्जा लागते. पंप, मोटार आणि वाहिनीतला तोटा मिळून निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले तरी रोज ३६ युनिट, महिन्याला १,०८० युनिट. घरटी हा भार २.७ युनिट होतो, म्हणजे ९ वॉटचा एक दिवा रोज दहा तास जाळण्याइतका. आपल्या गावाचे आकडे वेगळे असतील, तेव्हा ग्रामपंचायतीच्या वीजबिलावरचे युनिट घेऊन हाच भागाकार करून पाहावा. प्रत्यक्ष वापर या हिशेबाच्या दुपटीने असेल तर पंप जुना झाला आहे किंवा कुठेतरी मोठी गळती आहे. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीची पातळी उतरते का हे पाहिले, की टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्या दरम्यानची गळती लगेच कळते.

विजेखेरीज पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे मानधन, टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पावडर), किरकोळ दुरुस्ती आणि मोटार जळेल त्या दिवसासाठी वेगळी शिल्लक, हे चार खर्च पट्टीत धरावे लागतात. शेवटच्या खर्चाचा विसर सर्वांत जास्त पडतो. वाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटारीत तार नव्याने गुंडाळण्याचे, पैसे हाताशी असते तर आपल्या गावाचे ते बारा दिवस दोनवर आले असते. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१ ते २०२६) ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ३० टक्के भाग पाणीपुरवठ्यासाठी राखीव होता, त्यातले काही शिल्लक असेल तर तेही येथे उपयोगी पडेल, पण रोजच्या खर्चासाठी सरकारी निधीची वाट पाहणारी योजना पहिल्याच उशिरात बंद पडते. हा सगळा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर लिहून दर ठरवावा आणि दर महिन्याची जमा, खर्च व थकबाकी पंचायतीच्या भिंतीवर लावावी. थकबाकीदारांत ज्यांना खरोखर जमत नाही, जसे एकट्या वृद्ध स्त्रिया किंवा ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, त्यांची यादी आधी वेगळी काढून त्यांना सवलत किंवा हप्ते द्यावेत. नळ तोडण्याची वेळ आलीच तर आरंभ गावातल्या सधन आणि वजनदार थकबाकीदारापासून करावा, नाहीतर त्या कारवाईला कोणी मान देणार नाही.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. नियमापुरती नावे लिहून भागत नाही. पाण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे प्रत्यक्ष द्यावा, कारण शेतावर जाण्याआधी पाणी भरायचे असते हे त्यांनाच ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट टंचाई येण्याआधी ठरवून ठेवा : पाणी कमी पडेल तेव्हा कोणाचे किती कमी होईल? धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत मला या बाबतीत नेहमी आठवते. बंधाऱ्याखालचे शिवार फडांत विभागलेले, एका फडात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवत, आणि त्याची झळ सगळ्यांना थोडी थोडी बसे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे, आणि निर्णय पंचांचा. ती शेतीच्या पाण्याची व्यवस्था होती हे खरे, पण तूट वाटून घेण्याचा तिचा नियम पिण्याच्या पाण्यालाही तंतोतंत लागू पडतो. उन्हाळ्यात पाळी एक दिवसाआड करायची झाली तर ती सगळ्या आळ्यांना एक दिवसाआड व्हावी, आणि हे जानेवारीतच ठरावात लिहिलेले असावे.

प्रश्न : पाण्याला टीसीएलचा वास येतो म्हणून लोक जुन्या आडाचे पाणी पितात. पावडर बंद करावी का?
— पाणीपुरवठा कर्मचारी, नांदेड जिल्हा

उत्तर : बंद मुळीच करू नये, मात्रा तपासावी. ताज्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे प्रमाण १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम आहे. पावडर थेट टाकीत ओतू नये. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी टाकीत सोडावे आणि अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडावा. शेवटच्या घरच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यात थेंब टाकून रंगावरून क्लोरीन ओळखण्याच्या चाचणीत) ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन आढळले तर आपले काम नीट झाले. उघड्या पोत्यातली पावडर ओल धरून निकामी होते, मग कर्मचारी अंदाजाने जास्त टाकतो आणि लोकांना वास येतो. पोते घट्ट बांधून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे. जुन्या आडाचे पाणीही तपासून घ्या. ते दूषित निघाले तर तो अहवाल गावात वाचून दाखवा.

प्रश्न : योजनेच्या विहिरीपासून जेमतेम २०० मीटरवर एक शेतकरी खोल बोअर घेत आहे. त्याची जमीन, त्याचा पैसा. गाव त्याला अडवू शकते का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : अडवू शकते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेच मनाई केली होती, आणि त्यानंतरच्या २००९ च्या अधिनियमातही अशा स्रोतांना संरक्षण आहे. अंतर मोजून पंचनामा करा, ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. मात्र त्याआधी त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बोला. त्याचे पीक वाळत असेल तर त्याची निकडही खरी आहे.

आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. खोल बोअर त्याच भेगांना जाऊन भिडतो आणि उथळ विहिरीचे पाणी खाली ओढून नेतो, त्यामुळे चार महिन्यांचा साठा दोन महिन्यांत संपतो. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळी न लावण्याचा नियम ग्रामसभेतून केला व वर्षानुवर्षे पाळला. तिथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून, आधी माणसे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढून मग रब्बीची पिके ठरवली जातात. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने याच्याही पुढे जाऊन जमिनीच्या आकारावर नव्हे तर कुटुंबातल्या माणसांवर पाणी वाटले, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनांनाही वाटा दिला.

आपल्या गावाने निदान एवढे या महिन्यापासून करावे : दर पंधरवड्याला दोरीने विहिरीची पातळी मोजून ती वहीत आणि फळ्यावर लिहावी. बोअर सुरू झाल्यावर पातळी किती उतरली, हे सांगणारी ती वही अर्जासोबत जोडता येईल, आणि त्या शेतकऱ्यालाही ती दाखवता येईल.