सोलापुरातल्या जुन्या बैठ्या घराला मागे दोन खोल्या आणि वर मजला वाढवायचा आहे. आर्किटेक्ट लागतो का, की चांगला गवंडी पुरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विजापूर रोडला वडिलांनी 1990 च्या सुमारास बांधलेलं घर, नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभं, वर स्लॅब. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, म्हणून परसात दोन खोल्या काढायच्या आणि जमलं तर वर एक मजला. गवंडी म्हणतो, "नकाशाचं काय घेऊन बसलाव ओ, मी देतो की करून." त्याचं ऐकावं का?

मी सोलापुरातच आर्किटेक्ट आहे आणि माझ्याकडची बरीच कामं अशीच असतात, म्हणजे उत्तर थोडं माझ्या पोटापाण्याकडे झुकलेलं आहे हे धरून वाचा. दोन खोल्या बांधायला गवंडी पुरतो. भिंत, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), स्लॅब हे त्याला मी शिकवावं असं काही नाही. आर्किटेक्टला पैसे द्यायचे ते त्या खोल्यांसाठी नव्हेतच. त्या खोल्या चिकटल्यावर जुन्या घराचं काय होणार, हे आधी कागदावर पाहण्यासाठी द्यायचे.

घर न बघताही अंदाज सांगतो. पुढे हॉल, मध्ये एक-दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याची खिडकी आणि दार परसाकडे. त्या काळातली आपल्याकडची निम्मी घरं अशीच आहेत. आता मागच्या भिंतीला टेकून दोन खोल्या आल्या की स्वयंपाकघराची खिडकी भावाच्या बेडरूममध्ये उघडणार. मग ती बुजवायची, तिथे कपाट करायचं, आणि आई भर दुपारी ट्यूबलाइट लावून भाकऱ्या थापणार. फोडणीचा खकाणा जायला वाट नाही म्हणून एक्झॉस्ट फॅन, तोही कुठे, तर नव्या पॅसेजमध्ये. अशी घरं मी एवढी पाहिलीत की आता दारातून आत शिरताच कळतं, वाढीव काम कुठून सुरू झालंय ते. नॅशनल बिल्डिंग कोड उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश एवढी उघडी खिडकी मागतो, आणि ती बाहेरच्या हवेत उघडायला हवी, दुसऱ्या खोलीत नाही.

यावर मला आवडणारा उपाय म्हणजे जुनी भिंत आणि नव्या खोल्या यांच्यात चार-पाच फुटांचा चौक सोडायचा आणि एका बाजूने पॅसेजने दोन्ही जोडायचं. "एवढी जागा वाया?" हे वाक्य मला दर वेळी ऐकावं लागतं. वाया जात नाही; तिथे धुणं होतं, भांडी होतात, दोन्हीकडच्या खिडक्या चालू राहतात, आणि लग्नानंतर एका घरात दोन संसार नांदायचे तर मध्ये थोडं आभाळ असलेलं बरं. चौकाला जागाच नसेल तर दुसरा मार्ग: स्वयंपाकघरच नव्या भागात न्यायचं आणि जुन्या स्वयंपाकघराचं कोठार किंवा देवघर करायचं. तिसरा, जरा खर्चिक: नव्या भागाचा स्लॅब जुन्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच घ्यायचा आणि त्या पायरीत, जुन्या गच्चीच्या वर, झरोके ठेवायचे. त्यानं उजेड नव्या पॅसेजमध्ये तरी खोलवर येतो.

तुमचं परस कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलं नाही, आणि त्यावर बरंच ठरतं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा जरासा उत्तरेकडेच कलतो. म्हणजे उन्हाळ्यात खरा मार छपराला आणि पश्चिमेच्या भिंतीला. परस पश्चिमेला असेल तर वाढीव भाग जुन्या घराची ढाल होऊ शकतो: बाथरूम, जिना, कोठार पश्चिमेला लावा आणि झोपायच्या खोल्या आत घ्या. नेहमी उलटं होतं. मोठी खिडकी हवी म्हणून बेडरूमची खिडकी पश्चिमेला, त्यावर दीड फुटाचा छज्जा. मावळतीचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा काय अडवणार? तिथे उभी जाळी किंवा उभे पडदी-खांब लागतात. वास्तूचं म्हणाल तर घरच्यांचा आग्रह असेल तेवढं मी सांभाळतो. मात्र वास्तूसाठी पश्चिमेला काच लावायला सांगितली तर तिथे वाद घालतो.

आता जमिनीखालचं. तुमच्या गवंड्याला एवढंच विचारा: परसात सध्या काय काय पुरलेलं आहे? सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे प्रत्येक घराला मोठा हौद, आणि तो बहुधा परसातच. शिवाय सेप्टिक टँक, कदाचित बोअर. म्हणजे जिथे नवा पाया येणार तिथेच या सगळ्या वस्तू बसलेल्या. हौदावर खोली घेता येते, पण त्याची भिंत पाया समजून त्यावर वीटकाम चढवायचं नाही. सेप्टिक टँकवर तर खोली घेऊच नका. उपसायचं झाकण पलंगाखाली आलेलं घर मी पाहिलंय. हौद हलवायचा असेल तर नवा हौद सगळ्यात आधी बांधून घ्या. पुढचं सगळं बांधकाम त्याच पाण्यावर होईल.

परसातली माती काळी असेल तर प्रकरण आणखी नाजूक. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकवलेला पाया दर वर्षी थोडा वर-खाली होत राहतो. त्यामुळे काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत जायचंच. किती खोल, हे शेजाऱ्याच्या पायावरून ठरवू नका; आपल्याच जागेत दोन टोकांना खड्डे घेऊन बघा, कारण एकाच प्लॉटमध्ये फरक पडतो. खूपच खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले पाइल आणि त्यावर बीम हा मार्ग स्ट्रक्चरल इंजिनियर सुचवेल. एक चलाखी मात्र डोळ्यांत तेल घालून अडवा: खोदून निघालेली तीच काळी माती जोत्यात भरायची. फुकटात भरणी होते, मुरमाचे ट्रॅक्टर वाचतात, आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचकटते. भरणी मुरमाची, थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून घट्ट बसवून. घराभोवती शहाबादी फरशीचा बाहेर उतार दिलेला पट्टा करा, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरणार नाही. आणि हौद गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. घराला तडे गेलेत म्हणून लोक भिंती भरत बसतात, आणि इकडे हौद पायाशेजारची माती बारमाही ओली ठेवत असतो.

जुन्या पायाला लागून खोदताना पूर्ण लांबीचा चर एकदम उघडायचा नाही. तीन-चार फुटांचा तुकडा खोदायचा, भरायचा, मग एक सोडून पुढचा. जुन्या पायाच्या तळाखाली जावं लागत असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय कुदळ लावू नका. जेसीबी तर भिंतीजवळ नकोच.

मग येतो सांधा. तुमचं जुनं घर तीसेक वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलंय. नवा भाग आता बसायला लागणार. गवंडी सवयीने जुन्या भिंतीत दाते पाडून नवी भिंत त्यात गुंतवतो आणि अभिमानाने सांगतो, "एकजीव केलंय साहेब." ते एकजीव होत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षी बरोबर त्याच रेषेत वरपासून खालपर्यंत चीर येते, ती दर दिवाळीला भरायची आणि दर मे महिन्यात बघायची. त्यापेक्षा दोन्ही भाग मुद्दाम वेगळे ठेवा. मध्ये किमान 25 मिलिमीटरची फट, आत दबणारं मऊ भरण, बाहेरून लवचीक सीलंट. गच्चीवर फटीच्या दोन्ही बाजूंना विटांची कड उचलायची आणि त्यावर पत्र्याची टोपी, पण ती एकाच बाजूला पक्की केलेली, म्हणजे दोन्ही भाग आपापले हलले तरी टोपी फाटत नाही. नुसतं वॉटरप्रूफिंगचं सोल्यूशन फासून हे काम होत नाही. फट सोडायचं आणखी एक कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप तुमच्या वडिलांना आठवत असेल. भूकंप मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत सोलापूर झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. भिंतींवरचं जुनं घर आणि कॉलम-बीमचं नवं घर भूकंपात वेगवेगळे हलतात, आणि अर्धवट जोडलेले असले तर एकमेकांना धडका देतात.

वरच्या मजल्याबद्दल माझं मत ठाम आहे: जुन्या घरावर चढवू नका, नव्या भागावर चढवा. नऊ इंची भिंती एक मजला पेलूही शकतील, पण त्यासाठी पाया उघडून बघावा लागेल, लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा आहे का ते तपासावं लागेल, स्लॅबमधली सळी गंजली आहे का ते बघावं लागेल. आणि वरच्या भिंती खालच्या भिंतींवरच याव्या लागतील. प्रत्यक्षात काय होतं, तर वर मोठा हॉल हवा म्हणून खालच्या खोलीच्या मधोमध स्लॅबवरच भिंत उभी राहते. त्यापेक्षा मागचा भाग पहिल्यापासूनच कॉलम-बीमवर, दोन मजल्यांच्या हिशेबाने करा. पाया आणि कॉलम आज त्या ताकदीचे घातले तर वरचं बांधकाम दोन वर्षांनी केलं तरी चालतं. जिनाही नव्या भागातच, बाहेरून चढता येईल असा. वरच्या खोलीतून दार थेट जुन्या घराच्या गच्चीवर उघडतं, आणि उन्हाळ्यात सोलापूरकराला रात्री गच्ची लागतेच. पुढच्या मजल्यासाठी सळया वर काढून ठेवणार असाल तर त्या उघड्या सोडू नका; सिमेंटचा पातळ थर देऊन झाका. गावभर गंजक्या सळयांचं जे रान उगवलंय त्यातल्या बऱ्याच सळया आता जोडायच्या लायकीच्या राहिलेल्या नाहीत.

वरती पत्रा टाकून भागेल का, हेही तुम्ही विचारलंय. तात्पुरतं म्हणून टाकाल, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे कोणी बसणार नाही. स्लॅबच घ्या, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पांढऱ्या चिनी टाइलचे तुकडे. जुन्या स्लॅबवरही तेच करा. निम्मा त्रास तिथेच कमी होईल.

परवानगीचं लांबवत नाही. महापालिकेची परवानगी लागते. राज्याची एकत्रित विकास नियमावली 2020 पासून सोलापूरलाही लागू आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला प्रक्रिया सोपी केली आहे, पण नियम माफ केलेले नाहीत. मुख्य अडचण अशी की तुम्ही ज्याला मोकळं परस म्हणता त्यातला काही भाग कायद्याने सोडायची मागची मार्जिन असू शकतो. म्हणून जुना मंजूर नकाशा आधी शोधा. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेला असेल तर नियमितीकरण झालंय का ते बघा. गवंडी म्हणेल कोण बघतंय. पुढे कर्ज काढताना बँक बघते.

खर्चाचा आकडा न बघता देणारा माणूस तुमची दिशाभूल करतोय. एवढं नक्की की वाढीव कामाचा चौरस फुटाचा दर नव्या घरापेक्षा जास्तच पडतो. माल बोळातून डोक्यावरून आत न्यायचा, राडारोडा त्याच वाटेने बाहेर, हौद हलवायचा, ड्रेनेज फिरवायचं, आणि यातलं काहीच कार्पेट एरियात दिसत नाही. म्हणून "मटेरियलसह एवढे रुपये फूट" असा एकच दर ठरवू नका. तोडफोड, राडारोडा, हौद, ड्रेनेज, सांधा यांचे दर वेगळे लिहून घ्या. स्लॅबचं क्युरिंग, म्हणजे ओतल्यावर त्याला पाणी मारत राहणं, हेही लिहून घ्या. भारतीय मानक कोरड्या-उष्ण हवेत किमान 10 दिवस ओलावा ठेवायला सांगतं, आणि आपल्याकडे तिसऱ्या दिवशीच "पाणी नाही आलं" म्हणून स्लॅब वाळलेला असतो. टँकरचे पैसे कोण देणार हे आधी ठरलेलं असू द्या. बोअरचं पाणी खारं असेल तर ते काँक्रीटला वापरू नका.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात असेल तर पावसाळा उलटल्यावर, दिवाळीच्या आसपास खड्डे घ्या. सोलापुरात सप्टेंबरमध्येच जास्त बरसतो, तेव्हा उघडे चर ठेवायचे नाहीत. आर्किटेक्टकडे पहिल्यांदा जाताना जुना नकाशा, उतारा, आणि परसातल्या हौद-टाकी-बोअरच्या जागा दाखवणारं हाताने काढलेलं चित्र न्या. त्यानं नव्या खोल्यांची चित्रं काढण्याआधी जुन्या घरात येऊन टेपने मापं घेतली नाहीत, तर दुसरा बघा.